बेंगल्सनी कुणाला घ्यावं? ड्राफ्टबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल जवळ आला की भारतातले नातेवाईक, ऑफिसातले मराठी सहकारी आणि सिनसिनाटीत नव्याने आलेली मुलं तेच तेच प्रश्न विचारतात. दरवेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. २०२५ चा हंगाम संपलाय, मार्चमधला खेळाडूंचा बाजार अजून उघडायचाय, अशा मधल्या काळातली ही उत्तरं आहेत. मी बेंगल्सचा, म्हणजे सिनसिनाटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, चाहता आहे, तेव्हा निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

हे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं का?

नाही. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, दर काही सेकंदांनी शिट्टी. मेस्सीच्या खेळाला इकडे सॉकर म्हणतात. त्यावर वाद घालायचा असेल तर माझ्या मेव्हण्याशी घाला, त्याला वेळ असतो.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

उलटा प्रकार आहे. लिलावात ज्याच्याकडे पैसे शिल्लक तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही, नंबर लागतो. एनएफएल या लीगचे ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर सगळ्यात आधी. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकणारा शेवटी. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला कुठल्या गावात खेळायचं हे निवडता येत नाही. ज्या संघाने नाव पुकारलं त्याच्याशीच करार. भारतात याचा थोडा अनुभव आपल्याकडच्या सॉकरवाल्यांना आहे: इंडियन सुपर लीगने २०१७ साली मुंबईत भारतीय खेळाडूंचा असाच ड्राफ्ट भरवला होता आणि जमशेदपूरने पहिल्या नंबरवर अनस एडाथोडिकाला उचललं होतं.

नंबर विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षीचा आजच गहाण टाकता येतो. सगळी गंमत तिथे आहे.

एवढं डोकं कशाला लावायचं? चांगले खेळाडू पैसे देऊन घ्यावेत की.

पैशाला झाकण आहे. प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. २०२५ साली ती २७.९२ कोटी डॉलर होती. एवढ्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. आता आमचा हिशोब बघा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जो बरोचा २०२३ चा करार वर्षाला सरासरी साडेपाच कोटींचा. चेंडू झेलणारे दोन रिसीव्हर: मार्च २०२५ मध्ये जमार चेसला चार वर्षांचे १६.१ कोटी आणि टी हिगिन्सला ११.५ कोटी मिळाले. तीन माणसांची वार्षिक सरासरी बारा कोटींच्या पुढे जाते. सरासरी आणि प्रत्यक्ष त्या वर्षीचा बोजा यांत फरक असतो, पण अंदाज यायला हे पुरे.

उरलेल्या पन्नास जणांत स्वस्त आणि चांगले खेळाडू हवेत, आणि असे खेळाडू मिळण्याचं ठिकाण एकच: ड्राफ्ट. २०११ पासून नवोदितांचे पगार त्यांच्या नंबरवरून जवळपास ठरलेले असतात. चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. २०२० मध्ये पहिल्याच नंबरवर आलेल्या बरोला चार वर्षांचे मिळून ३.६ कोटींच्या आसपास मिळाले होते. आज तेवढे तो आठेक महिन्यांत कमावतो. ती स्वस्ताईची वर्षं होती तेव्हाच आम्ही सुपर बोलपर्यंत गेलो, हा योगायोग मानू नका.

सगळी अमेरिका सोडून बेंगल्सच का?

नोकरी ज्या गावात लागली तिथला संघ. १९६८ ला पॉल ब्राउन यांनी सुरू केला, आज त्यांचे चिरंजीव माइक ब्राउन मालक आहेत आणि पुढची पिढीही कचेरीत बसते. जनरल मॅनेजर नावाचं पद नाही; खेळाडू निवडीचं काम ड्यूक टोबिन बघतात. खेळाडू हेरणाऱ्यांची फौज लीगमधल्या सगळ्यात लहान फौजांपैकी एक. तीन सुपर बोल खेळलो, तिन्ही हरलो. आता सलग तीन वर्षं प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद सामने, हुकलेत. एवढं असून शहर रविवारी नारिंगी होतं.

तुम्ही सारखं "चेस की सूएल" म्हणता, ते प्रकरण काय?

ड्राफ्ट समजून घ्यायचा तर याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

बरोचा पहिला हंगाम, नोव्हेंबर २०२०. वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. समोरच्या आडदांड बचावपटूंना अडवणारी आमची ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चाळण होती. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये आमचा नंबर पाचवा. त्या नंबरला दोन पोरं हाताशी होती. एक ओरेगनचा टॅकल (लाइनच्या टोकाला उभा राहणारा) पनेई सूएल, कॉलेजातला सर्वोत्तम लाइनमन. दुसरा लुइझियाना स्टेटचा रिसीव्हर चेस, ज्याने २०१९ मध्ये बरोच्याच चेंडूंवर १,७८० यार्ड आणि २० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) काढले होते. कोविडमुळे दोघांनीही २०२० चा हंगाम खेळायचं टाळलं होतं, म्हणजे ताजा पुरावा कुणाचाच नव्हता.

अर्धं शहर म्हणत होतं, अरे, पोराचा गुडघा गेलाय, आधी त्याला वाचवणारा आणा. या म्हणण्यात चूक काढणं अवघड होतं. बेंगल्सनी चेसला घेतलं. सूएल दोन नंबर नंतर डेट्रॉइटला गेला.

पुढे काय झालं ते ऐका, कारण दोन्ही बाजूचे लोक यातला अर्धाच भाग सांगतात. चेसचे सराव सामन्यांत झेल सुटू लागले. त्याने कारण दिलं की कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, या चेंडूवर नाहीत. गावभर हशा झाला. मग हंगामात १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित. आणि त्याच हंगामात बरोवर ५१ सॅक झाले, म्हणजे चेंडू हातात असतानाच त्याला ५१ वेळा लोळवलं. टेनेसीविरुद्धच्या एका प्लेऑफ सामन्यात नऊ, तरी आम्ही १९-१६ ने जिंकलो. सुपर बोलमध्ये सात, तो मात्र लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी २३-२० ने नेला. शेवटच्या चालीत त्यांचा बचावपटू अॅरन डॉनल्ड बरोला जवळजवळ लोळवत होता आणि डावीकडे चेस मोकळा धावत होता. ती चाल कितीदा पाहिली ते विचारू नका.

मग निवड चुकली का? सूएल डेट्रॉइटमध्ये लीगचा सर्वोत्तम टॅकल झाला. चेसने २०२४ ला झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला: १२७, १,७०८ आणि १७. दोन्ही निवडी सोन्याच्या होत्या. चूक झाली ती दुसऱ्या फेरीत, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पहिल्या फेरीत लाइनमन घेतला नाही, आता घ्यायलाच हवा, या घाईत बेंगल्स ३८ वरून ४६ वर घसरले आणि क्लेमसनच्या जॅक्सन कारमनला घेतलं. कारमन लाइनवर कधी स्थिरावलाच नाही. ३८ व्या नंबरवर न्यू इंग्लंडने घेतलेला बचावपटू ख्रिश्चन बारमोर तिथे पाय रोवून बसला.

म्हणजे गरजेपेक्षा गुणवत्ता बघायची, असंच ना?

एवढं सोपं असतं तर टोबिन यांचं काम मी केलं असतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गरज असावी, पण ती मार्चमध्ये भागवावी. तेव्हा करार संपलेले खेळाडू बाजारात असतात, त्यांचं वय, दुखणी, खेळ सगळं समोर असतं. २०२२ च्या मार्चमध्ये आम्ही टेड कॅरस, अॅलेक्स कॅपा, लायेल कॉलिन्स असे तीन लाइनमन एकदम आणले आणि पुन्हा कॉन्फरन्सच्या अंतिम, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या, सामन्यापर्यंत गेलो. एप्रिलमध्ये मिळतो तो बावीस वर्षांचा मुलगा. तो उपयोगी पडायला बहुधा दोन हंगाम लागतात. आजचं भगदाड त्याच्या अंगावर टाकलं की त्याचंही नुकसान आणि आपलंही.

शिवाय गरज नजर बिघडवते. सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा गडी) हवाच असं ठरवून बसलं की यादीतला चौथ्या दर्जाचा सेफ्टी दुसऱ्या दर्जाचा दिसायला लागतो. कारमनचं तेच झालं.

अपवाद?

किकर. २०२१ च्याच पाचव्या फेरीत आम्ही इव्हान मॅकफर्सनला घेतलं तेव्हा ड्राफ्टमध्ये किकर घेतात का, म्हणून लोक हसले. त्या प्लेऑफमध्ये त्याने १४ पैकी १४ किक मारल्या, त्यात टेनेसीला घरी पाठवणारी ५२ यार्डांची आणि कॅन्सस सिटीला ओव्हरटाइममध्ये हरवणारी. तिथे गरज बघून घेतला आणि बरोबर घेतला.

इतके तारे असून संघ का हरतो?

बचाव. २०२४ ला बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन फेकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. चेस तिहेरी मुकुट घेऊन बसला. आमचा एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, ट्रे हेंड्रिकसनचे साडेसतरा सॅक, तेही लीगमध्ये सर्वाधिक. एवढं करून ९-८, म्हणजे नऊ जिंकले, आठ हरले. त्या वर्षी आम्ही ३३, ३८, ३४ आणि ३८ गुण करून सामने हरलो. बचावाचे प्रशिक्षक लू अनारुमो यांना काढलं, नोत्र दामहून अल गोल्डन आले.

२०२५ तर विचारूच नका. दुसऱ्याच सामन्यात बरोच्या पायाचा अंगठा गेला, ऑक्टोबरात क्लीव्हलँडहून चाळिशीच्या जो फ्लॅकोला आणावं लागलं, आणि गंमत म्हणजे म्हाताऱ्याने भरपूर गुण करून दिले. तोवर एकही सामना न जिंकलेल्या जेट्सकडून घरच्या मैदानावर ३८-३९, पुढच्याच रविवारी शिकागोकडून ४२-४७. बेचाळीस गुण करून हरायचं म्हणजे काय! हंगाम संपला ६-११ वर.

आता ड्राफ्टची बाजू. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षांत पहिल्या तीन फेऱ्यांत आम्ही दहा खेळाडू घेतले. त्यातले आठ बचावाचे. म्हणजे "बचावाकडे दुर्लक्ष केलं" हा आरोप खोटा आहे. लक्ष दिलं, भरपूर दिलं, माणसं चुकली. डॅक्स हिलला २०२२ साली घेतलं ते वर्षभराने आमचा सेफ्टी जेसी बेट्स जाणार हे ओळखून. योजना म्हणून उत्तम. बेट्स अटलांटाला गेला, पहिल्या हंगामात ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, झाला आणि हिलला आम्ही सेफ्टीवरून कॉर्नरवर, म्हणजे रिसीव्हरला चिकटून राहणाऱ्या जागेवर, हलवलं. मायल्स मर्फी पहिल्या फेरीतला एज रशर, २०२४ मध्ये त्याचा एकही सॅक नाही. झॅक कार्टर संघातच राहिला नाही. डीजे टर्नर मात्र गेल्या हंगामात झकास खेळला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आठांत एक-दोन बरे निघणं, आणि बरोसारखा क्वार्टरबॅक ऐन उमेदीत असताना, हे महागात पडतं.

लहान हेरखातं हे याचं एक कारण असावं असा माझा अंदाज. दुसरं म्हणजे आम्ही शरीरयष्टीच्या मोहात पडतो.

शरीरयष्टीचा मोह म्हणजे?

दर फेब्रुवारीत इंडियानापोलिसला कम्बाइन भरतं. पळवतात, उड्या मारायला लावतात, हाताची लांबी मोजतात. २०१७ ला जॉन रॉस नावाचा रिसीव्हर ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम. बेंगल्सनी त्याला नवव्या नंबरवर घेतलं. पहिल्या हंगामात त्याने एकही झेल घेतला नाही. आमच्या पाठोपाठ, दहाव्या नंबरवर, कॅन्सस सिटीने वर सरकून पॅट्रिक माहोम्सला घेतलं. आमच्याकडे तेव्हा अँडी डाल्टन होता, क्वार्टरबॅकची "गरज" नव्हती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२५ चा आमचा पहिला खेळाडू शेमार स्ट्युअर्टही याच जातकुळीचा. टेक्सस ए अँड एमचा एज रशर, १२१ किलोचा देह आणि ४० यार्ड ४.५९ सेकंदांत. अंगावर काटा येतो. पण कॉलेजच्या तीन हंगामांत मिळून साडेचार सॅक, प्रत्येक वर्षी नेमके दीड. वर करारातल्या एका कलमावरून वाद झाला आणि जुलैच्या अखेरीपर्यंत त्याने सहीच केली नाही. ज्याला आधीच तंत्र शिकायचंय त्याचा उन्हाळा असा जाणं मला परवडणारं वाटलं नाही. अजून त्याला मोडीत काढू नका. या जागेवर उशिरा उमलणारे बरेच असतात. पण आकडे नसलेल्या माणसावर पहिली फेरी लावायची आमची सवय मोडायला हवी.

मग या वर्षी कुणाला घ्यावं?

नंबर दहाच्या आसपास आहे. हेंड्रिकसनचा करार मार्चमध्ये संपतोय, त्यामुळे एज रशर ही सगळ्यात उघडी जखम. सेफ्टी दुसरी. लाइनबॅकरला (बचावाची मधली फळी) गेल्याच वर्षी डिमिट्रियस नाइट आणि बॅरेट कार्टर असे दोघे आणले आणि दोघांनाही पहिल्याच वर्षी खोल पाण्यात ढकललं. लोगन विल्सनला तर हंगामाच्या मध्यात डॅलसला देऊन टाकलं. हे दोघे सुधारतील असं धरून चालायला माझी तयारी नाही, पण तिसरा नवखा आणून काय साधणार? तिथे मार्चमध्ये एक अनुभवी माणूस आणा.

आता नावं. ओहायो स्टेटचा सेफ्टी केलेब डाउन्स आमच्या नंबरपर्यंत उरला तर पळत जाऊन चिठ्ठी द्यावी. सेफ्टीला इतक्या वर घेत नाहीत, हा जुना संकेत आहे. मला तो पटत नाही. डाउन्स आधी अलाबामात आणि मग ओहायो स्टेटला, दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून खेळला. चाल ओळखतो आणि ज्याला धरतो तो खाली पडतो. आमच्या बचावाने गेल्या वर्षी ज्या प्रकारे चेंडू नेणारे गडी हातातून निसटू दिले ते पाहिलेल्या माणसाला हा दुसरा गुण किती मोठा आहे ते सांगावं लागणार नाही.

तो बहुधा उरणार नाही. मग मायामीचा रुबेन बेन. त्याच्या हातांची लांबी कमी आहे म्हणून लोक नाकं मुरडतील. मला चालेल. स्ट्युअर्टकडे देह होता आणि आकडे नव्हते. बेनकडे सामने आहेत. टेक्सस टेकचा डेव्हिड बेली वेगवान आहे, पण तोही आमच्या आधी जाईल असं वाटतं. ओहायो स्टेटचा सनी स्टाइल्स आधी सेफ्टी होता, आता लाइनबॅकर. फार आवडतो, पण वर म्हटलं तेच, लाइनबॅकर नको. आणि यातलं कुणीच उरलं नाही आणि एखादा अफलातून टॅकल दिसला तर तोही चालेल. ऑर्लँडो ब्राउनचं वय वाढतंय.

क्वार्टरबॅक? बरो सारखा जखमी होतो.

पहिल्या फेरीत नको. इंडियानाचा फर्नांडो मेंडोझा आमच्यापर्यंत येणार नाही आणि यावा असंही मला वाटत नाही. राखीव माणूस बाजारातून आणावा.

आपला नंबर देऊन ढीगभर नंबर मिळवले तर?

मिळाले तर घ्या! १९९९ चं दुःख अजून आहे. आमचा नंबर तिसरा होता. न्यू ऑर्लिन्सच्या माइक डिट्का यांना रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्स हवा होता आणि त्यासाठी ते आपला त्या वर्षीचा अख्खा ड्राफ्ट आणि पुढच्या वर्षांचे वरचे नंबरही द्यायला तयार होते. बेंगल्स नाही म्हणाले, क्वार्टरबॅक अकिली स्मिथला घेतलं. चार वर्षांत १७ सामन्यांत सुरुवात, पाच टचडाउन पास. त्याआधी १९९५ मध्ये उलटं करून पाहिलं: वर सरकून पहिल्या नंबरवर रनिंग बॅक की-जाना कार्टर घेतला, तर पहिल्याच सराव सामन्यात त्याचा गुडघा गेला. ते मात्र नशीब, त्याचा दोष कुणाला देणार.

बेंगल्सना ड्राफ्ट जमलाच नाही का कधी?

जमलाय की. १९८० साली अँथनी मुन्योझला तिसऱ्या नंबरवर घेतलं तेव्हा त्याचे गुडघे बघून बाकीचे बिचकले होते. तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. केन अँडरसन एका छोट्या कॉलेजातून तिसऱ्या फेरीत आला. जीनो अॅटकिन्स चौथ्या फेरीतला, टीजे हुशमंदझादा सातव्या. सध्याचा रनिंग बॅक चेस ब्राउन पाचव्या. म्हणजे चौथ्या फेरीपासून पुढे आमची नजर बरी आहे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच काय होतं कोण जाणे.

मॉक ड्राफ्ट वाचावेत का?

कोण कुणाला घेईल याचे हे आधीच लिहिलेले अंदाज, करमणूक म्हणून वाचा. एका नंबरवर कुणी अचानक अदलाबदल केली की खालचं सगळं पान रद्दी. खेळाडूंची नावं ओळखीची व्हायला मदत होते, बस.

भारतीय वंशाचा कुणी कधी ड्राफ्ट झालाय?

हो, ब्रँडन चिलार. वडील भारतीय. २००४ साली सेंट लुइस रॅम्सनी चौथ्या फेरीत घेतला, नंतर ग्रीन बेकडूनही खेळला. लाइनबॅकर होता. मराठी आडनाव ऐकायची माझी इच्छा अजून पुरी झालेली नाही.

पुण्याहून बघायचं तर कधी उठू?

२०२६ चा ड्राफ्ट २३ ते २५ एप्रिल, पिट्सबर्गमध्ये, म्हणजे शत्रूच्या अंगणात. पहिली फेरी गुरुवारी रात्री आठला, तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. आमचा नंबर यायला सव्वा-दीड तास लागेल, तेव्हा साडेसहाला उठलात तरी चालेल. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. झोप मोडायचीच असेल तर या फेऱ्यांसाठी मोडा. चौथ्यापासून पुढचं शनिवारी रात्री साडेनऊला, जेवणं उरकून आरामात.